जाऊ दे

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चर्चच्या हॉलात,
मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
नॉर्मन ब्लँचर्ड इंग्रजी वाक्प्रचार शिकवतो, फुकट.
वय एक्याऐंशी. तरुणपणी ट्रॉलरवर आचारी.
खडू अजून सुरीसारखा धरतो.
मी हजेरी लिहिते, किटली भरते,
आणि मधूनमधून शिकतेही.

तर आम्ही शिकलो होतो :
इथला आजारी माणूस हवामानाच्या खाली असतो,
झिंगलेल्याचे तीन दोर वाऱ्यावर सुटतात,
मेलेला जाता जाता बादलीला लाथ मारतो
आणि पाऊस मांजरं नि कुत्री होऊन पडतो.
कुणी हसलं नाही.
आमच्याकडे मुसळं पडतात, मी म्हणाले,
मग फळ्यावर मुसळ काढून दाखवावं लागलं.
ते दंडुक्यासारखं दिसत होतं.

रिबवार केस कापतो.
एक गिऱ्हाईक त्याला म्हणालं, ये की एकदा चहाला घरी.
हा तीन रविवार
इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारी बसला.
ते आमंत्रण नव्हतं रे, नॉर्मनने समजावलं,
तो निरोप होता.

आणि डाँगुओले. लिथुआनियाची.
मासे पॅक करण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं,
बोटं उन्हाळ्यातही गार.
गुरुवारी सुपरवायझरबाईने ऑफिसात बोलावलं,
बसायला खुर्ची दिली, मान कलती केली, म्हणाली,
आम्हाला तुला जाऊ द्यावं लागणार.
डाँगुओलेने एकेक शब्द तपासला.
सगळे ओळखीचे, पहिल्या धड्यातले.
घड्याळात अडीच वाजले होते. पाळी सहाला सुटायची.
थँक यू, ती म्हणाली, तुम्ही फार चांगल्या आहात.
हातमोजे धुऊन वाळत टाकले,
वाटेत मुलासाठी लिंबाचा केक घेतला.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला
फाटकाने तिचं कार्ड ओळखलं नाही.
तिने ते बाहीला पुसून पुन्हा लावलं.
पुन्हा पुसलं.

हे ऐकून नॉर्मन बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला.
मग बादली पुसली, दोर पुसले, कुत्री-मांजरं,
माझं मुसळसुद्धा.
चूक माझी, म्हणाला. मी तुम्हाला चित्रं शिकवत बसलो.
चित्रं चावत नाहीत.
चावतात ते असले, मऊ.
आणि बारीक अक्षरांत लिहीत गेला :
तुमचं म्हणणं ऐकलं मी, म्हणजे विषय संपला.
लक्षात ठेवू, म्हणजे विसरलो.
पूर्ण आदर राखून, म्हणजे आता वार येतोय.
बघू.
बघू मला शिकवावं लागलं नाही.

त्यालाही असंच जाऊ दिलं होतं म्हणे,
बोटी परत आल्या आणि बांधल्या त्या बांधल्याच, तेव्हा.
खुर्चीबिर्ची कुणी दिली नव्हती.
आमच्याकडे नारळ देतात, मी म्हणाले.
सेलामाविट पटकन म्हणाली, निदान हातात काहीतरी पडतं!
नाही गं, म्हटलं, तोही नुसता शब्दच.

डाँगुओलेचा खांदा माझ्या हाताशी होता.
ओठांवर मराठीत आलंच होतं : जाऊ दे.
गिळलं.
किटली उगीच पुन्हा चालू केली.

ती केकचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळत होती.
आमच्या गावात, म्हणाली,
खोटं बोलणारा समोरच्याच्या कानांवर शेवया टांगतो.
अकरा वर्षं माझ्या कानांवर किती असतील.

नॉर्मनने कानातलं यंत्र काढलं,
रुमालाने पुसलं, दिव्याखाली धरून बघितलं,
नीट बसवलं.
मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.
परत सांग, म्हणाला, हळूहळू. अगदी तिच्याच शब्दांत.
आणि कशावर सही घेतली का तुझी?